कातळाखालचा दुसरा थर

खडकातली एखादी भेग तेल धरून ठेवते की सोडून देते, हे ठरवण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. माझं हे काम मी आमच्या पाहुण्यांत पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या लग्नानंतरच्या एका जेवणावळीत. शालनचे, म्हणजे माझ्या बायकोचे, थोरले चुलते फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. सगळा गाव त्यांना सुभेदारच म्हणतो. पानाला चुना लावता लावता ते थांबले.

"म्हंजी सरकार तुमास्नी भेगा बघायचा पगार देतंय?"

"हो."

"आवं मग जावई, आमच्या गोठ्याची मागली भित बघा की. आपल्या घरचं काम हाय, फुकटात करा."

सगळे हसले, मीही हसलो. त्यांची चूक नव्हती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. गावातला मुलगा शिकला तर मास्तर होतो, तलाठी होतो, नाहीतर भरती होतो. मी औंधाच्या बाजूच्या एका लहान गावातून सांगलीला आलो, तिथे वसतिगृहात राहून पदवी घेतली, एका सरांनी हाताला धरून भूशास्त्राकडे वळवलं, आणि पुढे तेल शोधणाऱ्या सरकारी खात्यात लागलो. त्या सरांचे आणि वसतिगृहातल्या जेवणाचे उपकार मी विसरलेलो नाही. पण सुट्टीत घरी आलो की मी नेमकं काय करतो हे आईला सांगता यायचं नाही, ही रुखरुख मात्र कायम राहिली.

म्हणून आधी ते सांगतो.

जमिनीखाली तेलाचं तळं नसतं. तेल असतं ते रेतीच्या खडकात, भिजलेल्या विटेत पाणी असतं तसं. त्या खडकात मुळात खारं पाणी असतं आणि तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते मिळेल त्या वाटेने वर सरकत राहतं. वरती चिकणमातीच्या खडकाचं छप्पर असलं तर तिथे अडतं. पण थर तिरपे असतील तर छपराच्या खालून ते तसंच चढत चढत निघून जातं. कुठेतरी आडवी भिंत लागते. ती भिंत पुष्कळदा भेगेने तयार होते. आम्ही तिला फॉल्ट म्हणतो. जमीन फाटते आणि एक बाजू खाली घसरते.

शालन औंधला शाळेत शिक्षिका होती. तिला हे समजावताना मी तिच्या टेबलावरचा मुलांच्या वह्यांचा गठ्ठा घेतला होता. हा गठ्ठा सुरीने उभा कापला, आणि उजवा अर्धा भाग थोडा खाली दाबला, असं समज. आता डावीकडच्या प्रत्येक वहीसमोर उजवीकडे कुठली वही आली? रेतीच्या थरासमोर चिकणमाती आली तर तेल अडलं. रेतीसमोर रेतीच आली तर तेल भेग ओलांडून पलीकडे गेलं.

"म्हणजे भेगेत काही नसतं. समोर कोण आलंय ते बघायचं," शालन म्हणाली.

इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे आम्हाला हेही कळलं, की थर घसरताना चिकणमाती भेगेच्या अंगाला सारवल्यासारखी लिंपली जाते, आणि हे सारवण कुठे जाड, कुठे फाटलेलं असतं. पण मूळ काम तेच, समोर कोण आलंय ते बघायचं.

बघायचं कसं? जमिनीत भोक पाडून त्यात लहानसा सुरुंग उडवतात. आवाज खाली जातो, प्रत्येक थरावर आपटून परत येतो. वर जमिनीत खुंट्यांसारखे जिओफोन रोवलेले असतात, ते हा परतलेला आवाज ऐकतात आणि ट्रकमधलं यंत्र तो फितीवर घेतं. फिती दूरच्या प्रक्रिया केंद्रात जातात आणि काही महिन्यांनी तिथून कागदाची लांबलचक गुंडाळी येते. तिच्यावर काळ्या नागमोडी रेषा असतात. उभी जमीन कापून समोर धरावी तसा तो कागद. आम्ही रंगीत पेन्सिली घेऊन त्यातले थर रंगवतो, भेगा ओढतो आणि थरांचे तुटलेले भाग एकमेकांशी जुळवतो.

गुजरातमधल्या माझ्या पहिल्या हंगामात अशाच एका भेगेच्या कडेला तेलासाठी विहीर खोदली होती. आमच्या सर्वेक्षण तुकडीचे प्रमुख, पार्टी चीफ बारुआसाहेब म्हणजे शांत, बुटके, आसामकडचे गृहस्थ. खोलातून रेतीच्या खडकाचे तुकडे वर आले, ते त्यांनी नाकाशी नेले आणि मग माझ्या तळहातावर ठेवले. तेलाचा वास येत होता. विहिरीतून मात्र नुसतं खारं पाणी आलं. तेल तिथे येऊन राहिलं होतं आणि भेगेतून निघून गेलं होतं.

"था. गया," बारुआसाहेब म्हणाले.

त्या वासाने मला घरची आठवण का आली, ते सांगता येत नाही. पण आली.

मला घर आठवायला फार निमित्त लागत नसे. आमची पार्टी पाऊस संपला की तंबू घेऊन निघायची ती उन्हाळा संपेपर्यंत गावोगाव हिंडायची. बायको-मुलांना जागा नव्हती. शालनची नोकरी कायम झालेली, तीही तिच्या घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी. ती नोकरी सोड असं मी म्हणालो नाही आणि तिनेही विचारलं नाही. आमची मुलगी आजीच्या आणि आईच्या हातांवर वाढत होती. आमच्या भागात अशा संसारांचं कोणाला नवल नाही. निम्म्या घरांतले पुरुष फौजेत. पण सुभेदारांनी त्यातही माझी जागा दाखवून दिली होती.

"फौजी पंधरा वर्सांनी पेन्शन घिऊन घरी येतो. आमचा जावई कवा यायचा? केस पांढरं झाल्यावर?"

एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अचानक एक बातमी आली. पश्चिमेच्या समुद्रात तेल लागल्यावर खात्यात उत्साह होता आणि वरच्या कोणीतरी विचारलं होतं की, दख्खनच्या कातळाखाली काय दडलंय ते कधी कोणी ऐकलंय का? एक प्रायोगिक रेषा मारायची ठरली, म्हणजे एका ओळीत सुरुंग आणि जिओफोन लावत मैलोन्‌मैल पुढे जायचं. सातारा जिल्ह्यातून सुरू होऊन ती विट्यावरून सांगलीकडे उतरणार होती. बारुआसाहेबांनी नकाशा उलगडला आणि पेन्सिल औंधवर ठेवली.

"जाधव, ये तुम्हारा गाँव है ना?"

यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला आमचे तंबू पडले. आयुष्यात पहिल्यांदा मी सायकलवरून कामाला गेलो आणि सायकलवरून घरी आलो.

ते महिने मी कसे सांगू? मुलगी पहिले काही दिवस मला "पाव्हणं" म्हणायची. मग एकदा मी उशिरा आलो तर उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आज लय येळ केला." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होतो. शालन सकाळी शाळेत जाताना मी तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालायचो. बस, एवढंच. लोकांना रोज मिळतं ते मला मिळत होतं.

काम मात्र अवघड होतं. आमचा कातळ गुजरातच्या मातीसारखा नाही. त्यात भोक पाडताना ड्रिलचं टोक, म्हणजे बिट, आठवडाभरही टिकत नसे. मग मी जीपने कुपवाडला जायचो. तिथे इब्राहीमभाई शिकलगारांचं छोटं वर्कशॉप होतं. ते झिजलेलं टोक हातात घेऊन उजेडात फिरवायचे, जणू एखाद्या रोग्याचा हात बघतायत.

"साहेब, तेल शोधताय का कातळ खाताय? ह्यो दगूड बिट चावून थुकतोय बगा."

"होईल ना नीट?"

"व्हतंय की. तुमास्नी तेल लागंल तवा लागंल, माझी भाकरी तर आत्ताच लागली." आणि मग हटकून, "चा घ्या."

दुसरी अडचण आवाजाची. सुरुंग उडताना रेषेवर संपूर्ण शांतता हवी. आम्ही लाल निशाण वर केलं की विहिरींवरची इंजिनं बंद, बैलगाड्या उभ्या, माणसं जागच्या जागी. हे शेतकऱ्यांना समजावणं माझं काम. सुभेदारांच्या विहिरीवरच्या उसातूनच रेषा गेली, तेव्हा ते बांधावर काठी रोवून बसले.

"माझ्या उसात सुरुंग? चिन्यास्नी जमलं न्हाई हितं पोचायला, आन् तुमी आला व्हय?"

"मामा, उसाला धक्का लागणार नाही. फक्त इंजिन थोडा वेळ बंद ठेवा."

"इंजिन बंद करतो. पर हुकूम कोण देणार?"

शेवटी असं ठरलं की, आमच्या रेषेवर शांततेचा हुकूम सुभेदारच देणार. त्या दिवसापासून निशाण वर गेलं की ते छाती काढून ओरडायचे, "सावधान!" आणि पार डोंगरापर्यंत माणसं खिळून उभी राहायची. बारुआसाहेब म्हणायचे, एवढी शांत लाइन मी कुठे बघितली नाही. अडचण एवढीच की, "विश्राम" म्हणायचं सुभेदार मुद्दाम विसरायचे आणि ताटकळलेले बैल शेपट्या झाडत राहायचे.

एका शनिवारी सुरुंगाआधीची तपासणी चालू होती. ट्रकमधल्या कागदाच्या पट्टीवर बाकी रेघा सरळ, पण एका जिओफोनवर बारीक ठोके उमटत होते, मग शेजारच्यावर, मग त्याच्या पलीकडच्यावर. कोणीतरी चालत येत होतं. मी निशाण घेऊन धावलो. लांब वळणावर शालन होती, हातात डबा. अर्धी शाळा करून आली होती. मी हात वर केला. ती होती तिथे थांबली. सुरुंग उडाला, आणि मगच तिने तोंड उघडलं.

"काय झालं? साप आहे का?"

"नाही. तुझी पावलं ऐकू आली."

"कुणाला?"

"आम्हाला सगळ्यांना. कागदावर आलीत."

ती लाजली. "अगं बाई. मग चप्पल काढून येते."

"तरी ऐकू येतील."

बारुआसाहेबांनी त्या दिवशी आमच्या डब्यातली भाकरी आणि खर्डा खाल्ला. "आसाम में भी मिर्ची होती है," असं म्हणून त्यांनी मोठा घास घेतला, आणि मग बराच वेळ ते डोंगराकडे तोंड करून उभे राहिले.

उन्हाळ्याच्या शेवटी पहिल्या भागाची गुंडाळी प्रक्रिया केंद्रातून आली. तंबूत टेबलावर ती पसरली, आणि बारुआसाहेबांनी चष्मा काढून परत लावला. वरच्या अंगाला एक ठळक पट्टा होता. दोन लाव्हांच्या मध्ये लाल मातीचा थर असतो, तो. अपेक्षितच होता. पण त्याच्या बऱ्याच खाली, जिथे कातळ संपायला हवा अशी आमची अटकळ होती, तिथे आणखी एक पट्टा होता. स्पष्ट, लांब, तिरपा. आणि मधोमध तुटलेला. वरचा पट्टा तुटला होता त्याच जागी.

कातळाखाली जुने गाळाचे थर असू शकतात, हे अनेकांचं मत होतंच. इथे थर दिसत होता, तो तिरपा होता, आणि त्याला आडवी भेग होती. तेल नाही तरी वायू अडायला अजून काय हवं?

बारुआसाहेब त्या दिवसांत फार बोलू लागले. वरच्यांशी त्यांचं बोलणं झालं होतं. पुढच्या हंगामात इथे जाळ्यासारख्या रेषा मारायच्या, त्यानंतरही कदाचित दोन-तीन हंगाम, आणि मुख्य कचेरी सांगलीला. "फॅमिली रख सकोगे," ते मला म्हणाले. "तुम एक काम करो. ये फॉल्ट रोकता है कि छोड़ता है, वो निकालो. मैं बम्बई जाके आता हूँ. सोमवार को रिपोर्ट."

मी घरी जाऊन शालनला सांगितलं. ती एरवी मोजून बोलणारी, पण तिने त्याच संध्याकाळी सांगलीतल्या शाळांची नावं घ्यायला सुरुवात केली. बदलीसाठी कोणाला भेटायचं, मुलीला कुठे घालायचं. कुपवाडला इब्राहीमभाईंच्या कानावर घातलं, तर त्यांनी दोन दिवसांत सांगलीत विश्रामबागेकडे दोन खोल्या बघून ठेवल्या.

"दोन खिडक्या हायत साहेब. वारं असं येतंय की पोरगी पतंग उडवंल आतल्या आत."

आणि मी त्या भेगेचं काम हातात घेतलं.

भेग धरते की सोडते हे काढायची आमची रीत अशी होती. भेगेच्या डाव्या बाजूचे थर पारदर्शक कागदावर उतरवायचे आणि तो कागद उजव्या बाजूवर सरकवत न्यायचा. कुठला थर कुठे बसतो, किती घसरलाय, हे जागोजागी मोजायचं. मग समोरासमोर कोण आलं ते कळतं. मी आधी वरच्या लाल थराची घसरण मोजली. मग खालच्या थराची. खालच्याची दुप्पट निघाली.

होऊ शकतं. मी पुढच्या जागी मोजलं. तिथे वरच्याची घसरण कमी होती, खालच्याची तिच्या दुप्पट. आणखी पुढे गेलो. वरचा थर जिथे किंचित वर उचलला होता, तिथे खालचा दुपटीने उचलला होता. मग मी आवाज परतायला लागलेला वेळ बघितला. खालच्या थराला वरच्याच्या बरोबर दुप्पट वेळ लागत होता. सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

खोल विहिरीत वाकून हाक मारली की पाण्यावरून ती परत येते. थोड्या वेळाने आणखी एकदा, मंद, परत येते. दुसरी हाक आली म्हणून विहिरीला दुसरा तळ नसतो. तोच आवाज वर आपटून पुन्हा खाली गेलेला असतो. माझा खालचा थर ही ती दुसरी हाक होती. कडक कातळात लाल थरावर आपटलेला आवाज जमिनीपर्यंत येऊन परत खाली गेला होता आणि पुन्हा लाल थरावरूनच परतला होता. तिथे गाळ नव्हता, थर नव्हता, त्यामुळे भेगेने काही धरायचा प्रश्नच नव्हता.

मी पेन्सिल खाली ठेवली. तंबूबाहेर कोणीतरी बादली घासत होतं. शनिवारची दुपार होती. मी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा, कारण मला चुकायचं होतं.

रविवारी गुंडाळी काखेत घालून घरी गेलो. शालन अंगणात धान्य पाखडत होती. माझ्याकडे बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"काय झालं?"

मी ओट्यावर कागद पसरला आणि तिला दाखवलं. वह्यांचा गठ्ठा समजलेल्या बाईला हे समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे हा पिवळा रंगवलाय तो नाहीच?"

"नाही."

"साहेबांना दिसलंय?"

"नाही."

"दुसऱ्या कुणाला?"

"पुढच्या हंगामात जाळं मारलं की कोणाला तरी दिसेल. कदाचित वर्ष जाईल. कदाचित दोन."

आम्ही दोघंही त्या दोन वर्षांकडे बघत बसलो. मी सोमवारी हे सांगितलं नाही, तर तेवढी वर्षं आम्हाला सांगलीत एकत्र मिळणार होती. मुलगी कागदावर चढायला बघत होती, तिला शालनने मांडीवर घेतलं.

"तुम्हाला आत्ताच कशाला मोजायचं सुचलं हो?" ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मोजायचं होतं." आणि हसली, पण ते हसणं पुरतं जमलं नाही.

"मोजायला तर साहेबांनीच सांगितलं होतं."

"हो, तेही खरंच." मग तिने विचारलं, "उद्या सांगणार?"

"सांगावं लागेल."

"मग आज पुसू नका. आजचा दिवस राहू दे."

मी पुसलं नाही. तो कागद दिवसभर ओट्यावर तसाच पसरलेला होता, चार कोपऱ्यांवर चार दगड. संध्याकाळी सुभेदार आले, त्यांनी त्या पिवळ्या पट्ट्यावर काठी टेकवून विचारलं, "ह्यो आपला माल का?" आणि शालन म्हणाली, "हो काका. ह्योच." मी तिच्याकडे बघितलं नाही.

सोमवारी बारुआसाहेबांपुढे मी पारदर्शक कागद ठेवला आणि मापं दाखवली. त्यांनी स्वतः पट्टी घेतली, स्वतः मोजलं. त्यांचा चहा गार झाला. या रेषेवर त्यांचीही आशा होती, हे मला तेव्हा कळलं. निवृत्तीआधी आपल्या नावावर तेलाचं एक नवं खोरं असावं, असं त्यांना वाटत असणार. मग त्यांनी मान वर केली.

"जाधव, तुमको घर अच्छा नहीं लगता क्या?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रिपोर्ट तुम लिखो. साफ लिखो."

मी साफ लिहिला. पुढचा हंगाम रद्द झाला. कुपवाडला शेवटचं बिट आणायला गेलो तेव्हा इब्राहीमभाईंना सांगितलं की, खोल्या नकोत. त्यांनी हात पुसले आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं.

"जाऊ द्या साहेब. खरं सांगायचं तर त्या खोल्यास्नी एकच खिडकी हाय. ती बी गटारीवर."

तंबू उठले. पुढे मी गुजरातेत परत गेलो, मग आसामात, मग समुद्राच्या कामावर. भेगांबद्दल खात्यात माझं मत विचारलं जाऊ लागलं. एखाद्या भेगेच्या आधारावर विहीर खोदायची की नाही, यावर माझी सही लागायची. काही वेळा बरोबर ठरलो, काही वेळा चुकलो. धंद्यात ते चालायचंच. शालन औंधच्या शाळेत मुख्याध्यापिका झाली. मुलीचं पहिलं पत्र, दहावीचा निकाल, लग्नाची बोलणी, सगळं मला सुट्टीच्या तुकड्यातुकड्यांत मिळालं. आई गेली तेव्हा मी ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे होतो. आज घरच्या अंगणात बसलो की मला त्या न मिळालेल्या दोन-तीन वर्षांची आठवण येते. न मिळालेल्या गोष्टीची आठवण येते हे ऐकायला विचित्र आहे, पण येते. त्या खोल्यांत मुलगी पतंग उडवताना मला चक्क दिसते.

आणि एक शंका होती. ती मी कधी रिपोर्टात लिहिली नाही, कारण तिथे तिला जागा नव्हती. दुसऱ्या हाकेच्या आवाजाखाली एखादी खरी, मंद हाक झाकली जाऊ शकते. पिवळा थर खोटा होता याबद्दल मला खात्री होती. पण त्याच्या आड, त्याच खोलीवर, खरोखरचा एखादा बारीक थर असेल तर? तेव्हाच्या यंत्रांना दोन्ही वेगळे करता येत नव्हते. आणखी एक हंगाम मारला असता तर कदाचित कळलं असतं. एका सुट्टीत शालननेच विचारलं होतं, "खाली खरंच काही असलं तर?" मी म्हणालो, "असू शकतं." खोटं कसं बोलणार? त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

निवृत्तीनंतर आम्ही सांगलीत घर केलं. एका छताखाली रोज राहायला आम्हाला म्हातारपणी शिकावं लागलं. तिला सकाळी रेडिओ लागायचा, मला शांतता. हळूहळू जमलं.

काही काळापूर्वी खात्यातल्या एका तरुण मुलीचा फोन आला. कातळाखालच्या भागात आता पुन्हा रस निर्माण झाला आहे, जुन्या फिती काढून संगणकावर नव्याने चाळतायत, आणि आमच्या रेषेचा जुना रिपोर्ट तिच्या हातात होता. खाली माझं नाव बघून तिने माझा पत्ता शोधला होता. फार आदराने बोलली. मी तिला काय बघायचं ते सांगितलं. लाल थराची दुसरी हाक आधी काढून टाक, आणि मग त्याच जागी काही उरतं का ते बघ.

"तुम्हाला काय वाटतं सर?"

"मला काहीच वाटत नाही," मी म्हणालो. "तू बघ आणि सांग."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. तिथे काही निघालं असतं तर माझ्या जन्मभूमीखाली खजिना सापडला असता, आणि तो सोडून मी इतकी वर्षं उगाचच घरापासून लांब राहिलो असं झालं असतं. नाही निघालं तर आमची सगळी वर्षं जशी गेली तशीच जायची होती. यातलं मला काय हवं होतं, ते मी स्वतःला विचारायचं टाळलं. शालनला फक्त एवढंच सांगितलं होतं की, ती जुनी रेषा पुन्हा बघतायत. ती "बरं" म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

एके सकाळी फोन वाजला. तीच मुलगी होती. तिने बरंच तांत्रिक सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" शालनने विचारलं.

"खाली काही नाही. कातळ, आणि कातळाखाली आणखी जुना कातळ. गाळ नाहीच."

"नक्की?"

"नक्की. आता यंत्रं फार चांगली आहेत."

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. फोन वाजल्यापासून ती दाराची चौकट धरून उभीच होती, हे मला तेव्हा दिसलं.